देवळाचा दस्त आणि बिशपाची परंपरा

अमेरिकेतील बफलो आणि पिट्सबर्ग या दोन पोलादी शहरांच्या जोडनावाने ओळखला जाणारा, पोलिश राष्ट्रीय कॅथलिक चर्चच्या अधिकाराखालील जो धर्मप्रांत आहे, त्याचा पूर्वेतिहास चाळू लागले असता प्रथमच एक गोष्ट ध्यानी येते; ती ही की, या पंथभेदाचे मूळ धर्मसिद्धान्तात नाही, जमिनीच्या दस्तऐवजात आहे. ख्रिस्ती धर्मातील बहुतेक मोठ्या फुटी त्रैक्य, कृपा, संस्कार, पोपचे प्रामाण्य अशा गहन प्रश्नांवरून झाल्या असे आपण वाचतो. येथे मात्र पहिला तंटा असा होता की, खाणकामगारांनी आणि भट्टीवरच्या मजुरांनी आपल्या रोजमुऱ्यातून पैसा साठवून बांधलेले देऊळ सरकारी दप्तरात नोंदवावयाचे ते कोणाच्या नावाने. रोमन कॅथलिक शिस्तीप्रमाणे ते स्थानिक बिशपाच्या स्वाधीन असावयास हवे होते, आणि बाल्टिमोर येथे १८८४ साली भरलेल्या अमेरिकन बिशपांच्या तिसऱ्या महापरिषदेने हा दंडक अधिकच आवळला होता. त्यापूर्वी अर्धशतकभर लोकनियुक्त विश्वस्तांनी देवळांचा कारभार पाहण्याच्या प्रथेमुळे अनेक शहरांत बखेडे माजले होते, व त्या अनुभवाने शहाणे झालेले बिशप पुन्हा त्या वाटेस जाण्यास तयार नव्हते, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

पोलिश माणसाला हा दंडक इतका का झोंबावा, हे समजण्यास त्याची त्या वेळची स्थिती पाहावी लागते. १७९५ साली पोलंडची तिसरी फाळणी होऊन रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया या तीन सत्तांनी तो देश वाटून घेतल्यानंतर पोलिश लोकांना स्वतःचे राज्य उरले नाही, आणि जेथे आपली भाषा मोकळेपणी बोलता येईल अशी जी काही थोडी ठिकाणे राहिली त्यांत देऊळ हे प्रमुख होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या तीस वर्षांत दारिद्र्याने गांजलेले शेतकरी लाखांच्या संख्येने अमेरिकेस गेले. पेन्सिल्व्हेनियाच्या कोळशाच्या खाणी, पिट्सबर्गच्या भट्ट्या, बफलोच्या गोद्या आणि शिकागोचे कत्तलखाने येथे त्यांना काम मिळाले. आणि प्रत्येक वस्तीत शाळेच्याही आधी त्यांनी जर काही उभारले असेल तर ते देऊळ होय. परंतु त्या देवळावरचा बिशप आयरिश नाही तर जर्मन. तो पोलिश जाणत नसे, आणि त्याने पाठविलेला धर्मगुरू पसंत पडला नाही तर गाऱ्हाणे सांगण्यासही जागा नसे. एवढ्या मोठ्या समाजातून एकही बिशप नेमला गेला नव्हता. विस्कॉन्सिनचे फादर वात्स्वाव क्रुश्का यांनी या अन्यायाविरुद्ध लेखणी चालविली, रोमपर्यंत धाव घेतली. तरी पॉल रोडे हे शिकागोचे साहाय्यक बिशप होऊन पहिल्या पोलिश माणसास रोमन कॅथलिक बिशपपद मिळाले ते १९०८ साली, म्हणजे बंडखोरांनी आपला स्वतंत्र बिशप नेदरलँड्समधील उत्रेख्तहून आणल्यावर एका वर्षाने. या दोन तारखांत काही संबंध नसेल असे मानणे कठीण आहे.

बफलोमध्ये ठिणगी पडली ती १८९५ साली. शहराच्या पूर्व भागातील पोलिश वस्तीत सेंट स्टॅनिस्लॉस हा मूळ धर्मग्राम १८७३ साली स्थापन झाला होता व त्याचे प्रमुख फादर यान पितास यांचा त्या सबंध वस्तीवर असा काही अंमल होता की, बिशपाचे फर्मान त्यांच्या संमतीवाचून तेथे लागू होत नसे म्हणावयास हरकत नाही. वस्ती वाढली तशी १८८६ साली सेंट अॅडलबर्ट हा दुसरा धर्मग्राम निघाला. तेथे धर्मगुरूंच्या नेमणुकीवरून आणि हिशेबावरून वाद विकोपास जाऊन एक मोठा गट बाहेर पडला आणि त्याने जपमाळेच्या पवित्र मातेच्या नावाने स्वतःचे देऊळ काढले. त्यांना पुढारी मिळाला तो फादर आंतोनी क्लाविटर, ज्याने पूर्वी सेंट अॅडलबर्टचीच घडी बसविली होती. एक तर हा माणूस कोठेही फार दिवस टिकणारा नव्हता, आणि दुसरे असे की, कॅथलिक म्हणविणाऱ्या समाजाला धर्मगुरू पुरेसा नसतो. नव्या धर्मगुरूस दीक्षा देणारा, मुलांना दृढीकरण देणारा बिशप लागतो, व त्या बिशपाच्या मस्तकावर हात ठेवणाऱ्या बिशपांची परंपरा प्रेषितांपर्यंत अखंड पोचलेली असावी लागते. देवळाचा दस्त वकिलाकडून करून घेता येतो. ही परंपरा कोणत्याही कचेरीत नोंदवून मिळत नाही. स्वतंत्र कॅथलिक पंथांच्या साऱ्या इतिहासात ही दुसरी गरज पहिलीच्या मागोमाग सावकाराच्या तगाद्यासारखी येत राहते, आणि तिच्या पायी भल्याभल्यांना विलक्षण ठिकाणी जावे लागते.

बफलोकरांचा बिशप असाच विलक्षण मार्गाने आला, आणि तो मार्ग गोव्यावरून जातो. सबब मराठी वाचकापुढे तो सविस्तर मांडणे अस्थानी होणार नाही. गोव्यातील वेर्णे गावी १८३६ साली जन्मलेले आंतोनियु फ्रान्सिस्कु शावियेर आल्व्हारिश हे गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधिकारातील धर्मगुरू. पोर्तुगालच्या राजाचा पाद्रोआदो आणि रोमची प्रोपागांडा या दोन अधिकारांत हिंदुस्थानातील व सिंहलद्वीपातील देवळांची जी ओढाताण चालली होती, आणि जिचा ताप मुंबईच्या कॅथलिकांनीही पिढ्यान् पिढ्या सोसला, ती मिटविण्यासाठी १८८६ साली पोप व पोर्तुगाल यांच्यात तह झाला; त्या तहाने अनेक देवळे पाद्रोआदोकडून काढून प्रोपागांडाच्या हवाली केली. सिंहलद्वीपातील गोमंतकीय व स्थानिक कॅथलिकांना हा बदल मान्य नव्हता. त्यांचा कैवार घेऊन आल्व्हारिश रोमच्या अधिकाराबाहेर पडले आणि १८८९ साली कोट्टयम येथे मलंकार सीरियन बिशपांच्या हस्ते त्यांनी बिशपपद स्वीकारले. मार ज्युलियस हे त्यांचे नवे नाव. गोव्यात बिशपाच्या पोशाखात वावरल्याबद्दल पोर्तुगीज सरकारने त्यांना कैद केले, त्यांचा अपमान केला. पण अखेरची वर्षे पणजीच्या आसपास गोरगरिबांच्या आणि रोग्यांच्या सेवेत घालवून १९२३ साली हा मनुष्य वारला तेव्हा जी अंत्ययात्रा निघाली तिला जातिधर्माची मर्यादा राहिली नव्हती असे सांगतात. रायबंदर येथील ऑर्थोडॉक्स देवळात त्यांच्या अस्थी आज संताच्या म्हणून पूजिल्या जातात.

याच आल्व्हारिशांनी, अँटिऑकच्या सीरियन पॅट्रिआर्काच्या संमतीने आणि परुमलचे मार ग्रिगोरियोस यांच्या साहाय्याने, १८९२ च्या मे महिन्यात कोलंबो येथे जोसेफ रने व्हिलात यास बिशप केले. व्हिलात हा पॅरिसमध्ये जन्मलेला फ्रेंच मनुष्य. विस्कॉन्सिनमधील बेल्जियन वसाहतवाल्यांत तो रोमपासून विलग झालेल्या जुन्या कॅथलिक पंथाचे काम करी. स्वित्झर्लंडमध्ये धर्मगुरू झाला, बिशपपदासाठी अनेक दारे ठोठावून अखेर कोलंबोस पोचला, आणि १९२९ साली मरण्यापूर्वी रोमन चर्चमध्ये परत गेला. या मनुष्याविषयी आदर वाटणे कठीण आहे. तथापि कोलंबोहून आणलेले बिशपपद त्याने १८९८ साली बफलोच्या त्या बाहेर पडलेल्या गटाचा धर्मगुरू स्टेफान कामिन्स्की यास दिले, आणि अशा रीतीने पोलंडच्या खेड्यांतून आलेल्या मजुरांचा धर्माध्यक्ष हा वेर्ण्याच्या एका गोमंतकीय धर्मगुरूचा, संस्काराच्या नात्याने, नातू ठरला. उभयतांची गाऱ्हाणी किती सारखी होती हे कामिन्स्कीच्या अनुयायांना ठाऊक असण्याचा संभव नाही: दूर बसलेल्या सत्तेने दोघांच्याही देवळांची वाटणी त्यांना न विचारता केली होती.

कामिन्स्कीची राजवट १९११ मध्ये त्याच्या मृत्यूबरोबर संपली. संघटना म्हणून तिच्यात फारसा जोम नव्हता; बिशप होता, देऊळ होते, परंतु बिशप कोणी निवडावा, पैसा कोणी खर्चावा, एका धर्मग्रामाचे दुसऱ्याशी नाते काय, या गोष्टींची घटना नव्हती. ती घटना तयार झाली ती अन्यत्र, ईशान्य पेन्सिल्व्हेनियातील स्क्रँटन या कोळशाच्या शहरी.

स्क्रँटनची कथा बफलोसारखीच सुरू होते. १८९६ साली तेथील पोलिश धर्मग्रामाच्या लोकांनी मालमत्तेच्या कारभारात हिस्सा मागितला, धर्मगुरूशी त्यांचे बिनसले, देवळाच्या दाराशी पोलिसांशी झटापट झाली आणि बायकापुरुषांची धरपकड झाली. लोकांनी नवे देऊळ बांधावयास घेतले आणि जवळच्या नँटिकोक येथील तरुण धर्मगुरू फ्रान्सिशेक होदूर यास बोलाविले. मार्च १८९७ मध्ये त्याने सेंट स्टॅनिस्लॉस या नव्या धर्मग्रामाची सूत्रे हाती घेतली. होदूर हा क्राकूवजवळच्या झार्की या खेड्यात १८६६ साली जन्मलेला, गॅलिशियातील शेतकरी चळवळीच्या वाऱ्यात वाढलेला, आणि स्वभावाने भांडखोर नसून हट्टी. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात हेझल्टनजवळ लॅटिमर येथे शेरीफच्या शिपायांनी निःशस्त्र संपवाल्या खाणकामगारांवर गोळ्या झाडून १९ जणांचे प्राण घेतले. मृतांत पोलिश, स्लोव्हाक, लिथुआनियन असे स्लाव्ह आणि बाल्टिक प्रदेशांतील लोक होते. ज्या समाजाला खाणीचा मालकही उभा करीत नाही आणि देवळाचा मालकही विचारीत नाही, त्या समाजात होदूरचे शब्द कसे पडले असतील याची कल्पना करता येते. १८९८ च्या आरंभी तो रोमला गेला. बांधणाऱ्या लोकांच्या नावे देवळाची मालकी, लोकांनी निवडलेल्या समितीकडे हिशेब, लोकांच्या संमतीवाचून धर्मगुरूची नेमणूक न करणे, आणि पोलिश बिशप, हा त्याच्या अर्जाचा आशय. रोमने हा अर्ज फेटाळला, आणि त्याच वर्षी होदूर बहिष्कृत झाला. ते बहिष्कारपत्र त्याने भर प्रार्थनामंदिरात लोकांसमोर जाळले असे परंपरा सांगते.

या अर्जात पोपच्या श्रेष्ठत्वाविरुद्ध किंवा एखाद्या संस्काराविरुद्ध चकार शब्द नव्हता, ही गोष्ट पुन्हा एकदा नजरेस आणून द्यावीशी वाटते. धर्मतत्त्वे मागाहून आली. १९०१ च्या नाताळात पोलिश भाषेतून मिस्सा झाली. सप्टेंबर १९०४ मध्ये स्क्रँटन येथे या नव्या पोलिश राष्ट्रीय कॅथलिक चर्चची पहिली महासभा भरली. तीत धर्मगुरूंबरोबर सामान्य लोकांचे प्रतिनिधीही मताधिकाराने बसले आणि त्यांनी होदूरला बिशप निवडले. पुढे १९०९ मध्ये बायबलच्या वचनांचे श्रवण व प्रवचन यांस संस्काराचा दर्जा मिळाला. स्नानसंस्कार आणि दृढीकरण मिळून एक संस्कार मोजला गेल्यामुळे सातांची संख्या कायम राहिली. प्रौढांसाठी सामुदायिक पापनिवेदन पुरे समजले गेले. १९२१ साली धर्मगुरूंना विवाहाची मोकळीक मिळाली. आणि नरकवास शाश्वत असतो ही कल्पना दयाळू ईश्वराशी विसंगत आहे असे होदूर उघड शिकवू लागला. खाणीत आयुष्य कंठलेल्या माणसांना मरणोत्तर आणखी अंधार आहे असे सांगण्याचे धैर्य त्या धर्मगुरूला झाले नसावे, असे कोणी म्हटल्यास मी प्रतिवाद करणार नाही.

बिशपपदाची अडचण होदूरपुढेही होतीच. निवड झाली १९०४ मध्ये, अभिषेक झाला २९ सप्टेंबर १९०७ रोजी. मधली तीन वर्षे वाट पाहण्यात गेली. व्हिलातच्या सुलभ दरवाजाकडे तो वळला नाही. शिकागोतील तिसऱ्या स्वतंत्र पोलिश गटाचे पुढारी आंतोनी कोझ्लोव्स्की यांस स्वित्झर्लंडचे जुने कॅथलिक बिशप एडवर्ड हेर्झोग यांनी १८९७ मध्येच बर्न येथे बिशप केले होते, आणि जुन्या कॅथलिकांचा संघ अमेरिकेत एकच पोलिश बिशप मानावयास तयार होता. १९०७ च्या जानेवारीत कोझ्लोव्स्की वारले, तेव्हा मार्ग मोकळा झाला आणि उत्रेख्तच्या सेंट गर्ट्रूड देवळात आर्चबिशप गेरार्डस गुल यांनी होदूरच्या मस्तकावर हात ठेवला. उत्रेख्तचे हे पीठ अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात रोमपासून विलग झालेले असले तरी त्याची परंपरा रोमही नाकारीत नव्हता. व्हिलातची परंपरा मात्र जुन्या कॅथलिकांनी कधीच मान्य केली नाही. त्यामुळे १९१४ मध्ये बफलोचा धर्मग्राम होदूरच्या चर्चमध्ये सामील झाला तेव्हा त्याने देऊळ बरोबर आणले, लोक बरोबर आणले, आणि गोव्याहून आलेला तो धागा मागे ठेवला.

यानंतरची बांधणी शिस्तीची आहे. १९२४ साली स्क्रँटन येथे एकाच समारंभात चार नवे बिशप झाले, १९२८ मध्ये यान जासिन्स्की यांचा अभिषेक होऊन बफलो व पिट्सबर्ग या प्रदेशाला स्वतःचा बिशप मिळाला, आणि मध्य, पूर्व, पश्चिम, बफलो-पिट्सबर्ग व पुढे कॅनडा अशी धर्मप्रांतांची रचना स्थिरावली. या रचनेत धर्मप्रांत हा बिशपाचे वतन नसतो. धर्मग्राम दरवर्षी आपली समिती निवडतो व ती मालमत्तेचा कारभार पाहते. धर्मप्रांताची स्वतःची सभा असते. सर्वांवर चार वर्षांनी भरणारी महासभा असते आणि बिशपपदाची निवड तिच्याकडे असते. मालमत्ता ती बांधणाऱ्या व पोसणाऱ्या लोकांची, मात्र चर्चच्या घटनेच्या अधीन राहून, असा हा तोडगा आहे. सिद्धान्त, संस्कार व शिस्त ही बिशप आणि धर्मगुरूंच्या अखत्यारीत राहतात. वादाचे मूळ जेथे होते तेथेच उपचार केला आणि बाकीचे कॅथलिक शरीर जसेच्या तसे राखले, हे या घटनेचे शहाणपण होय, आणि या चर्चच्या कोणत्याही धर्मसिद्धान्तापेक्षा मला ते अधिक मोलाचे वाटते. चर्चबरोबर वाढलेली पोलिश राष्ट्रीय संघ ही विमा-संस्था १९०८ पासून मजुरांच्या विधवांना आणि अपंगांना आधार देत आली, हेही येथेच नमूद करावे. तिच्यावाचून अनेक धर्मग्राम पहिल्या मंदीतच मोडले असते.

बाह्य संबंधांचा इतिहास मात्र जुळण्या-तुटण्याचा आहे. १९४६ मध्ये अमेरिकन एपिस्कोपल चर्चशी परस्पर संस्कारविनिमयाचा करार झाला. त्या चर्चने स्त्रियांना दीक्षा देण्याचे ठरविल्यावर १९७८ मध्ये तो संपुष्टात आला. ज्या उत्रेख्तने होदूरला बिशपपद दिले त्याच्याशी असलेले नातेही याच प्रश्नावरून २००३ मध्ये तुटले, आणि २००८ साली स्क्रँटनच्या जाहीरनाम्याने या चर्चने स्वतःचा वेगळा संघ घोषित केला. लोकांच्या मताधिकारासाठी जन्मास आलेल्या चर्चने या बाबतीत परंपरेची बाजू इतक्या दृढतेने धरावी, याचे काहींस नवल वाटते. परंतु होदूरच्या मूळ अर्जात संस्कार बदलण्याची मागणी कोठेही नव्हती, हे आठवल्यास नवल राहात नाही. याच काळात रोमशी मात्र जवळीक वाढली. १९८४ पासून दोन्ही चर्चांत संवाद सुरू झाला, १९९२ मध्ये स्क्रँटनच्या देवळात जुन्या जखमा भरून काढण्यासाठी संयुक्त प्रार्थना झाली, आणि १९९३ मध्ये रोमने पौर्वात्य चर्चांना असलेली सवलत पोलिश राष्ट्रीय कॅथलिकांनाही दिली. म्हणजे त्यांतील कोणी स्वेच्छेने मागितल्यास रोमन धर्मगुरू त्यास काही संस्कार देऊ शकतो.

याच वर्षांत या धर्मप्रांताच्या पायाखालची जमीनच सरकत होती. १९८३ मध्ये बफलोशेजारच्या लॅकावॉना येथील बेथलेहेम कंपनीच्या पोलाद कारखान्याचा बहुतेक भाग बंद पडला, १९८६ मध्ये पिट्सबर्गजवळची होमस्टेडची भट्टी विझली. मजुरांची तिसरी पिढी इंग्रजी बोलू लागली, शिकली, आणि चीक्टोवागा, लँकॅस्टर अशा उपनगरांत राहावयास गेली. चर्चनेही पोलिशबरोबर इंग्रजी स्वीकारली. नाही तर तरुण मंडळी राहतीना. विसाव्या शतकाच्या मध्यास या चर्चचे अनुयायी अडीच लाखांवर असल्याचा दावा होता. आज सर्व धर्मप्रांत मिळून पंचवीस हजारांच्या आसपास संख्या सांगितली जाते. पहिल्या आकड्यात फुगवटा असला पाहिजे, तरी ओहोटीबद्दल शंका नाही. बफलोच्या सोबीएस्की रस्त्यावरील मुख्य देऊळ १९९० च्या दशकात विकून ते पीठ लँकॅस्टरला हलविण्यात आले, आणि विकत घेणाऱ्या मुसलमान समाजाने त्या भव्य वास्तूत झकारिया मशीद केली. त्या वस्तीत आता बांगलादेशातून आलेली कुटुंबे मोठ्या प्रमाणात राहतात. नव्या परदेशस्थांनी जुन्या परदेशस्थांची वास्तू, कायदेशीर खरेदीखताने, घेतली आहे. विक्रीचा निर्णय धर्मग्रामाचाच होता, आणि तो घेण्याचा अधिकार मिळावा एवढ्यासाठीच त्यांच्या पणजोबांनी १८९५ साली घर सोडले होते.

दरम्यान रोमने, कोणाचे नाव न घेता, होदूरच्या अर्जातील बरेचसे मंजूर करून टाकले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर जगभर लोकभाषांतून मिस्सा सुरू झाली. वसईच्या देवळांत ती मराठीतून होऊ लागली तीही याच ओघात. धर्मग्रामांत सामान्य लोकांचा सहभाग असलेली अर्थसमिती आली, पोलिश बिशप तर झालेच, पण १९७८ मध्ये क्राकूवचा आर्चबिशपच पोप झाला. उरली ती मालकी. त्या बाबतीत रोम एक पाऊलही मागे सरलेला नाही, याचा दाखला सेंट लुइस शहरातील सेंट स्टॅनिस्लॉस कोस्त्का या पोलिश धर्मग्रामाने नव्या शतकात दिला. त्या देवळाची जमीन एकोणिसाव्या शतकापासून लोकनियुक्त मंडळाच्या नावे होती. ती आर्चबिशपांच्या स्वाधीन करण्यास मंडळाने नकार दिला तेव्हा २००५ मध्ये मंडळाचे सभासद बहिष्कृत झाले. २०१२ मध्ये न्यायालयाने मंडळाच्या बाजूने निकाल दिला आणि पुढील वर्षी तडजोड होऊन आर्चबिशपांनी दावा सोडला. शंभर वर्षांची तयार घटना समोर असताही या धर्मग्रामाने पोलिश राष्ट्रीय कॅथलिक चर्चमध्ये प्रवेश केला नाही. विवाहित धर्मगुरू आणि लोकांची मालकी त्याला चालली असती. परंतु हा धर्मग्राम नव्या काळाच्या ज्या मोकळ्या वाटेने निघाला होता ती वाट स्क्रँटनच्या जाहीरनाम्याच्या उलट दिशेची होती. देवळाचा दस्त त्याच्या हाती राहिला. बिशप कोणाचा मानावा हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच.